जुनं दुकान परत उघडताय? ‘जसंच्या तसं’ ठेवायचं म्हणजे नक्की काय ठेवायचं

मागच्या महिन्यात व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. वडिलांचं किंवा आजोबांचं बंद पडलेलं दुकान परत चालू करायचंय, नाव अजून लोकांच्या लक्षात आहे, तर सगळं पूर्वीसारखं ठेवायचं की नव्या काळाप्रमाणे बदलायचं? व्हिडिओत दहा मिनिटांच्या वर लोक थांबत नाहीत, म्हणून सविस्तर इथे लिहितोय. वही घेऊन बसा.

उदाहरण मी मुद्दाम सिनेमाचं घेणार आहे. शेजारचा हॉटेलवाला त्याचा खर्च आणि गल्ला तुम्हाला कधी सांगणार नाही. सिनेमावाल्यांचे आकडे मात्र जगासमोर असतात. आणि जुनी गोष्ट परत बाजारात आणायची खोड सिनेमावाल्यांइतकी कुणालाच नाही.

सुरुवात आपल्या गावापासून करू. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेराही स्वतः बनवलेला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. गोष्ट खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातली. हे नाटक १९०७ चं, इंग्रज सरकारने १९१० साली बंदी घातलेलं. म्हणजे मूळ माल नाटकाचा, बाबूरावांनी तो पडद्यावर आणला. त्यातलं भीमाने कीचकाला मारण्याचं दृश्य इतकं अंगावर येणारं होतं की थिएटरात किंचाळ्या उठल्या असं सांगतात. पुढे ते दृश्य काढून टाकावं लागलं. आवाज नाही, रंग नाही, तरी माणसं घाबरली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं ते याच चित्रपटानंतर.

आता पुढचं बघा. बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली. त्यांनी १९३३ साली ‘सैरंध्री’ परत केला, तोही रंगीत! त्या काळात भारतात रंगीत चित्रपटाची प्रक्रिया करायची सोय नव्हती, म्हणून फिल्म जर्मनीला न्यावी लागली. एवढा खटाटोप करून पडद्यावर रंग भडक आणि विचित्र उतरले. चित्रपट चालला नाही.

प्रभातच्या लोकांच्या कामाला नावं ठेवण्याची माझी लायकी नाही, आणि त्यांनी पुढे काय काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण धंद्याच्या नजरेने बघितलं तर एक गोष्ट दिसते. पहिल्या वेळी लोक भीमाची आणि कीचकाची झटापट बघून हादरले होते. दुसऱ्या वेळी नवेपणाचा सगळा भार रंगावर होता, आणि नेमका रंगच हातातून गेला. गोष्ट तीच, गाव तेच, नाव तेच. गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्यासाठी आलं होतं ते मात्र दुसऱ्या वेळी पाटीवर नव्हतं.

खुद्द बाबूरावांनीही असं केलंय. ‘सावकारी पाश’ हा त्यांचा १९२५ चा मूकपट, त्यात शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. तोच चित्रपट त्यांनी १९३६ साली बोलपट म्हणून परत काढला. मूळ मालक, मूळ गोष्ट, त्यात आवाजाची भर. तरी आजही जाणकार नाव काढतात ते १९२५ च्या मूकपटाचं. त्यातली अंधारी झोपडी आणि तिच्यासमोर रडणारं कुत्रं ही चौकट बघणाऱ्यांच्या मनातून गेली नाही. मूकपटात कुत्र्याचं रडणं ऐकू येत नाही, ते बघणारा स्वतःच्या मनात ऐकतो. भीती तिथेच तयार होते.

हा मुद्दा धरून ठेवा, कारण आता जपानला जायचंय.

तुमच्यापैकी जे गेम खेळतात त्यांना ‘रेसिडेंट ईव्हिल’ माहीत असेल. कॅपकॉम ही ओसाकाची कंपनी. तिने १९९६ साली हा गेम काढला. एक मोठा वाडा, आत अडकलेले पोलीस, आणि दार उघडलं की मेलेली माणसं चालत येतात. मजा म्हणजे हा गेमसुद्धा कोरी पाटी नव्हता. कॅपकॉमचाच १९८९ चा ‘स्वीट होम’ नावाचा जुना गेम नव्याने करावा या विचारातून तो निघाला, आणि तो जुना गेम त्याच नावाच्या जपानी भयपटावरून केलेला होता. सिनेमावरून गेम, त्या गेमवरून दुसरा गेम, त्यावरून परत सिनेमा. घराण्याची वेल म्हणावी तशी ही साखळी आहे.

गेममध्ये भीती कशाची वाटायची? भुतांची नाही. भूत दोन वेळा बघितलं की सवय होते. भीती वाटायची ती गोळ्या संपण्याची. बंदुकीत सात गोळ्या, समोर तिघंजण, आणि पुढच्या खोलीत काय आहे माहीत नाही. मारायचं की पळायचं? कॅमेरा एका कोपऱ्यात पक्का बसवलेला, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नाही, पण पाय घासल्याचा आवाज येतो. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि त्याला लागणारी रिबीन खर्च करायची. रिबिनीसुद्धा मोजून दिलेल्या. म्हणजे या गेमने काय विकलं? टंचाई विकली. सुट्टे नसलेल्या दुकानदाराला सणाच्या दिवशी जी धाकधूक होते ना, तीच!

मग २००२ साली यावर इंग्रजी सिनेमा आला. आधी जॉर्ज रोमेरो या नावाजलेल्या दिग्दर्शकाने पटकथा लिहिली होती, ती बाजूला ठेवली आणि काम पॉल अँडरसन यांना दिलं. त्यांनी गेममधली मुख्य पात्रं सोडून ॲलिस नावाची नवीनच नायिका आणली. भीती कमी, मारामारी जास्त. गेमचे जुने चाहते नाराज झाले. पण सुमारे सव्वातीन कोटी डॉलरमध्ये केलेल्या या चित्रपटाने १० कोटी डॉलरचा गल्ला केला. पुढे २०१६ पर्यंत असे सहा चित्रपट निघाले, सगळ्यांचा मिळून जगभरचा गल्ला १२० कोटी डॉलरच्या वर.

इथे थांबून विचार करा. मूळ गोष्टीशी इमान न राखणाऱ्याने पैसे कमावले. आमच्या बॅचमध्ये हे सांगितलं की कुणीतरी लगेच म्हणतं, “मग सर, इमान-बिमान सोडाच की!” थांबा. अँडरसन यांनी जुन्या गिऱ्हाइकाला काही शब्द दिला नव्हता. नाव वापरून त्यांनी दुसऱ्या, मोठ्या गिऱ्हाइकाला दुसरा माल विकला. पटो न पटो, हिशेब सरळ आहे.

घोळ झाला तो २०२१ साली. कंपनीने ठरवलं की आता सगळं नव्याने सुरू करायचं आणि या वेळी गेमशी पूर्ण प्रामाणिक राहायचं. दिग्दर्शक जोहान्स रॉबर्ट्स, नाव ‘वेलकम टू रॅकून सिटी’. काय काय केलं त्यांनी! कॅपकॉमकडून मूळ आराखडे घेऊन तो वाडा आणि ते पोलीस ठाणं उभं केलं. काळ १९९८ चाच. पात्रांची नावं गेममधली. पहिल्या गेममध्ये मेलेला माणूस हळूच मान वळवून बघतो ते गाजलेलं दृश्य, तेही तसंच घेतलं. चाहत्यांनाच ओळखू येतील अशा खुणा जागोजागी पेरल्या.

तरीही चित्रपट मनासारखा चालला नाही आणि समीक्षकांनीही फार हात दिला नाही. माझ्या मते कारणं दोन. एक म्हणजे १९९६ आणि १९९८ चे दोन गेम एकाच चित्रपटात कोंबले. जो गेम खेळायला दहा-बारा तास लागतात, त्यातली भीती सावकाश चढते. इथे पावणेदोन तासांत दोन गेम. टंचाईला वेळ लागतो हो. गोळी संपायच्या आधी ती मोजायला तर हवी ना! सिनेमात बंदूक प्रेक्षकाच्या हातात नसते, त्यामुळे त्याला ती मोजायला लावणं आणखी अवघड. दुसरं कारण असं की लिऑन नावाचा पोलीस गेममध्ये नवखा असला तरी धीराचा आहे, चित्रपटात त्याला बराचसा बावळट केला. नाव तेच, वर्दी तीच, माणूस वेगळा. पाटी आजोबांची आणि गल्ल्यावर बसलेला तुसडा, असं झालं की गिऱ्हाईक पाटी बघून आत येतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही.

याच्या उलट कॅपकॉमने स्वतः काय केलं बघा. दुसरा गेम त्यांनी २०१९ साली नव्याने बाजारात आणला. तो पक्का बसवलेला कॅमेरा काढून टाकला आणि खेळाडूच्या खांद्यामागे आणला. चित्रं, आवाज, चालण्याची पद्धत, सगळं बदललं. म्हणजे वरवर बघितलं तर चित्रपटापेक्षा हा गेमच जास्त बेइमान! पण गोळ्या तेवढ्याच कमी ठेवल्या. मागे लागणारा तो टोपीवाला धिप्पाड माणूस ठेवला, उलट त्याचा त्रास वाढवला. दुसऱ्या मजल्यावर त्याच्या बुटांचा आवाज येतो आणि तुम्ही खाली गोळ्या मोजत बसता. या गेमच्या १ कोटीहून जास्त प्रती खपल्या. ज्यांचा १९९८ साली जन्मही झाला नव्हता, अशा पोरांनीही तो घेतला.

आता पैशाचं बोलू, कारण बीबीए करताना मला जे सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. २०२१ च्या त्या चित्रपटाचा निर्मितीखर्च २.५ कोटी डॉलर आणि जगभरचा गल्ला साधारण ४.२ कोटी. नवीन माणूस म्हणेल, १.७ कोटी सुटले की! नाही सुटले. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा थिएटरवाल्याकडे राहतो. म्हणजे निर्मात्याच्या हातात २.१ कोटीच्या आसपास, आणि जाहिरातीचा खर्च अजून धरलाच नाही. कोविडचा काळ होता आणि पुढे घरबसल्या बघणाऱ्यांकडूनही थोडं येतं, ते मान्य. पण गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्यामागचा खरा प्रश्न असा: जुने चाहते किती? १९९८ साली जो पंधरा वर्षांचा होता तो २०२१ साली अडतिशीत. त्याला पोरंबाळं, त्याचे हप्ते. तो ट्रेलर बघून हळवा होईल, खाली चार ओळी लिहील. पण पहिल्याच आठवड्यात तिकीट काढून येईल का? आणि खुणा फक्त त्यालाच कळणार असतील तर बाकीच्यांनी कशासाठी यायचं?

आता तुमच्या दुकानाकडे येऊ.

आमच्या एका बॅचमध्ये गडहिंग्लजकडचा एक मुलगा होता. आजोबांचं फरसाणचं दुकान, बारा-तेरा वर्षं बंद. त्याने साडेसहा लाखांचं बजेट काढलेलं. त्यात जुन्या पद्धतीचं लाकडी काउंटर, पितळी तराजू, काचेच्या बरण्या, हाताने रंगवलेली पाटी, भिंतीवर आजोबांचा मोठा फोटो. पाहिल्यावर डोळ्यांत पाणी यावं असं डिझाइन. मी त्याला एवढंच सांगितलं की सुताराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी आजोबांची बारा जुनी गिऱ्हाइकं गाठ आणि एकच विचार, “तुम्ही आमच्याकडं का येत होता?” पाटीबद्दल, काउंटरबद्दल काही विचारू नकोस. बोलू दे त्यांना.

तो आठवड्याने परत आला. बारापैकी एकानेही काउंटरचं किंवा तराजूचं नाव काढलं नव्हतं. बहुतेकांनी सांगितलं ते असं: “अण्णा रोज चार वाजता गरम शेव काढायचे. पुडी बांधली की वर मूठभर घालायचे. आणि उधारी कधी चारचौघांत मागायचे नाहीत.” एका आजींनी सांगितलं की चिवड्यात खोबरं जळालेलं कधी नसायचं. संपलं. साडेसहा लाखांपैकी या गोष्टींवर त्याच्या कागदावर एक रुपया नव्हता.

अण्णांची वर घातलेली मूठ म्हणजे त्या गेममधल्या कमी गोळ्या. दुकान कसंही दिसो, ती गेली की दुकान गेलं.

पुढचा हिशेब त्याच्याकडून फळ्यावर करून घेतला. तुम्हीही तुमचे आकडे घालून करा. समजा जुन्या ओळखीची २०० घरं परत आली. महिन्यातून दोनदा आली, दर वेळी ८० रुपयांचा माल घेतला. विक्री झाली ३२,००० रुपये. ३० टक्के मार्जिन धरलं तर हातात ९,६००. आणि चांगल्या रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं १२,०००. म्हणजे आजोबांच्या नावावर प्रेम करणारी सगळी माणसं मिळून भाडंसुद्धा निघत नाही! वीज, गॅस, हाताखालचा पोरगा तर लांबच. त्या क्षणी त्याचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. पण दुकान उघडल्यावर चौथ्या महिन्यात उतरण्यापेक्षा वर्गात उतरलेला बरा.

म्हणून जुनं गिऱ्हाईक हे परीक्षक म्हणून वापरा. भाडं त्याच्या जिवावर धरू नका. चव बरोबर आहे का, हे तोच सांगेल. पण कॉलेजच्या पोराने अण्णांना कधी बघितलेलं नाही. त्याला चार वाजताची गरम शेव आवडली पाहिजे, ती शेव म्हणून. त्यामागची गोष्ट त्याला माहीत नसली तरी चालली पाहिजे. या मुलाने शेवटी काउंटर साधं स्टीलचं केलं, पैसे यूपीआयने घ्यायला सुरुवात केली, पाव किलोची बंद पाकिटं केली. चार वाजता शेव काढायची वेळ आणि वरची मूठ मात्र हलवली नाही. काउंटरचे वाचलेले पैसे त्याने सहा महिन्यांच्या भाड्यासाठी बाजूला ठेवले. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

एक अडचण मात्र कुणालाच चुकत नाही. मूळ कारागीर नसतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. तात्या विंचू माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडणार नाही. दुसरा भाग २०१३ साली थ्रीडीमध्ये आला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन साधारण साडेआठ वर्षं झाली होती. कोठारेंनी त्यांची नक्कल करणारा कुणी शोधला नाही. गोष्ट पुढच्या पिढीवर नेली आणि बाहुला तात्या विंचू, रामदास पाध्ये यांच्या हातचा, तो तेवढा ठेवला. तुमचा जुना आचारी गेला असेल तर त्याच्यासारखा दिसणारा, त्याच्यासारखं बोलणारा माणूस शोधू नका. त्याचं प्रमाण कुणाला माहीत आहे ते शोधा. बहुतेक वेळा ते घरातल्या बाईला माहीत असतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. एका रविवारी बसा, वजनकाटा समोर ठेवा. ती ‘अंदाजाने’ टाकेल, तुम्ही ग्रॅममध्ये लिहा. तीन वेळा करा, तीनही वेळचे आकडे लिहा.

आणि नाव. ‘रेसिडेंट ईव्हिल’चं जपानमधलं नाव ‘बायोहॅझर्ड’ आहे. अमेरिकेत ते नाव आधीच दुसऱ्यांकडे असल्यामुळे बाहेरच्या देशांसाठी नवीन नाव शोधावं लागलं. ओसाकाच्या कंपनीला जे चुकलं नाही ते तुम्हाला कसं चुकेल? आजोबांचं नाव आजोबांचं असलं तरी मधल्या दहा वर्षांत कुणीतरी त्याच नावाने पाकिटं विकायला लागलेलं असू शकतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोध फुकट घेता येतो. शेव-चिवडा, फरसाण साधारण वर्ग ३० मध्ये येतं. वैयक्तिक नावाने किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. नोंदणी झाली की दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. पाटी रंगवायला देण्याआधी हे करा. काका, चुलत भाऊ असतील तर नाव कोण वापरणार हे साध्या कागदावर नको, वकिलाकडून लिहून घ्या. कोल्हापुरात एकाच आडनावाची तीन-तीन दुकानं आणि प्रत्येकावर ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे तुम्ही बघितलंच आहे.

या आठवड्याचं काम: बारा जुनी गिऱ्हाइकं, एकच प्रश्न. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, तुमच्या भाषेत सुधारू नका. मग दुकान कधीच न पाहिलेल्या बारा जणांना नुसता माल द्या, नाव न सांगता, आणि परत मागतात का बघा. दोन्ही याद्या शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका. सुताराचा फोन आला तर सोमवारपर्यंत थांब म्हणा.